दुसऱ्या फेरीआधी

जावयाच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे सरांना पुन्हा एकदा आठवलं ते कवळी काढताना. तपासणी केंद्रातल्या बाईने प्लास्टिकची उथळ डबी पुढे धरली होती. "घड्याळ, चष्मा, पट्टा, कवळी. अंगावर धातूचा कणसुद्धा नको, आजोबा." सरांनी निमूटपणे एकेक वस्तू डबीत टाकली. वरचे दात निघाले तसं तोंड आतल्या आत बसल्यासारखं झालं, आणि नेमक्या त्याच क्षणी, कसलाही संबंध नसताना, पत्रातली ती ओळ समोर उभी राहिली. सर, दुसऱ्या फेरीआधी नमुना गरम केला होता ना? बाकीचं पत्र म्हणजे नुसती विचारपूस होती; तब्येत, डोळ्यांची औषधं, तिकडची थंडी. भित्रा विद्यार्थी आपली खरी शंका तास संपल्यावर, दारात पाठमोरा होता होता विचारतो, तशी जावयाने ती ओळ मधेच कुठेतरी टाकून दिली होती. पत्र टेबलाच्या खणात होतं. उत्तर द्यायचं राहून गेलं होतं असंही नाही. रोज सकाळी उठून सर ते उत्तर न देण्याचं काम करत होते, आणि निवृत्तीनंतर एवढ्या नेमाने केलेलं दुसरं कुठलंच काम त्यांना सांगता आलं नसतं.

"आत अंधार वाटेल, आवाज होईल, घाबरायचं नाही," बाई म्हणाली. "मुलगी बाहेर बसलीय ना तुमची? मग झालं तर."

"हे चुंबक कशाचं असतं, माहीत आहे का तुम्हाला?" सरांनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण जन्मभराची सवय.

"मोठं असतं, आजोबा."

"अतिसंवाहक तारेचं. एकदा वीज सोडली की वर्षानुवर्षं आत फिरत राहते, तोटा शून्य." दातांवाचून शब्द बोळक्यातून घरंगळत बाहेर पडले आणि शून्याचं नुसतंच 'शून' झालं.

"असेल हो, असेल. पाय वर घ्या बघू. आणि आता हलायचं नाही."

बाईने त्यांचं डोकं एका साच्यात अडकवलं, पोटावर पट्टा बांधला, आणि सर पालथ्या पेल्यात सापडलेल्या किड्यासारखे त्या नळीत सरकले. तोल जाऊन न्हाणीघरात पडले म्हणून ही तपासणी. आत काय सापडेल याची त्यांना फारशी उत्सुकता नव्हती. त्यांच्या मनाला लागलं ते भलतंच. हे चुंबकसुद्धा जुन्या धातूचं होतं, भयंकर थंडीत बुडवून ठेवावं लागणाऱ्या तारेचं. आपलं नव्हे. ज्या काळ्या, चकचकीत, अभ्रकासारखे पापुद्रे सुटणाऱ्या स्फटिकांपायी त्यांनी आपली दृष्टी आणि चांगली सगळी वर्षं घातली, ते इथेही नव्हते. ते स्फटिक निघाले तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता! इतकी थंडी लागत नाही, साध्या द्रव नायट्रोजनमध्ये काम भागतं, आता तारा बदलणार, गाड्या तरंगणार, वीज फुकट वाहणार. बायको तेव्हा पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली होती, "आधी आपल्या जिन्यातला दिवा लावून द्या, सर. मग जगाचं बघा." ती नवऱ्याला सर म्हणायची, चारचौघांतही. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला एक व्याख्यान दिलं होतं म्हणे, पाणी उकळण्यावर, तेव्हापासून. ती गेली, जिन्यातला दिवा अजून तसाच आहे, आणि ते काळे स्फटिक कुठे कुठे कामाला लागले असतील, नाही असं नाही, पण घरोघर वीज वाहील हे जे बोलणं होतं ते कधीच विरून गेलं.

घात केला तो भोवऱ्यांनी. सरांनी ही गोष्ट इतक्या वर्गांना सांगितली होती की ती आता त्यांच्या तोंडून नव्हे, घशातल्या एखाद्या तबकडीवरून वाजायची. चुंबकाचं क्षेत्र स्फटिकात सरसकट शिरत नाही. बारीक बारीक धाग्यांनी शिरतं, आणि प्रत्येक धाग्याभोवती विजेचा एक भोवरा गरगरत असतो. भोवरा जागच्या जागी फिरत राहील तोवर ठीक. पण स्फटिकातून वीज न्यायला लागलं की ती भोवऱ्यांना आडवं ढकलते, आणि भोवरा जागचा हलला की संपलं, तोटा सुरू. त्यातून हा स्फटिक थराथरांचा. इथे भोवरा म्हणजे सलग धागासुद्धा नाही, थरागणिक एक अशी चकत्यांची उतरंड आहे, आणि एका चकतीचा दुसरीशी संबंध अगदी जेवढ्यास तेवढा. जरा ऊब लागली की चकत्या एकमेकींवरून घसरतात, आणि ज्याला आपण एक भोवरा म्हणत होतो तो एक उरतच नाही. त्यांना धरून ठेवतात ते फक्त दोष. कुठे एखादा अणू जागेवर नाही, कुठे भेग, कुठे कचरा, तिथे भोवरे अडकतात. स्फटिक जितका निर्मळ तितका निकामी. "तेव्हा निर्दोष राहू नका, कुणाच्या उपयोगी पडायचं असेल तर," असं सर शेवटी म्हणत आणि वर्ग अदबीने हसे. एका वर्षी एकच विद्यार्थी हसला नाही. उंच, पोक काढून चालणारा, शर्टाच्या खिशात कायम एक बारीक टोकाचा चिमटा. त्याने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

चिमटा हे नाव बायकोनेच ठेवलं. "तुमचा तो चिमटा आलाय," ती दारातून ओरडायची, आणि तो ऐकत उभा असायचा. पुढे जावई झाल्यावरही त्याचं नाव बदललं नाही, आणि त्यानेही सरांना सर म्हणणं सोडलं नाही. मुलगी चिडायची. "बाबा म्हण की आता! माझं लग्न झालंय की प्रवेश परीक्षा?" पण तो लाजायचा आणि सरही लाजायचे. फोनवर दोघं आलटूनपालटून नुसतं 'हं' म्हणायचे, म्हणून खरं काही असलं की चिमटा पत्र लिहायचा. सरांना तो आवडला होता का? नळीत ठकठक सुरू झाली, कुणी पत्र्याच्या टाकीवर आतून हातोडी मारावी तशी, आणि त्या ठोक्यांवर सर स्वतःला विचारत राहिले. आवडला होता. नव्हता. त्याच्यात आपलंच तरुणपण दिसायचं, आणि आपलं तरुणपण आपल्याला कधी आवडलं होतं?

त्याचं म्हणणं असं होतं की चकत्यांची उतरंड एका झटक्यात मोडत नाही, दोन टप्प्यांत मोडते, आणि मधे एक अशी अवस्था असते जी कुणी पाहिलेली नाही. त्याने वाढवलेल्या एका स्फटिकात ती दिसली. चुंबकाचं बळ चढवत नेताना, जिथे रेषा सरळ जायला हवी तिथे तिने एक पायरी घेतली. छोटी, पण पायरी. सर म्हणाले, "पुन्हा कर." ते कुणीही म्हटलं असतं. कारण या स्फटिकांना स्मरणशक्ती असते. आधी जोरात चुंबक लावलं असेल तर ते काढून घेतल्यावरही काही भोवरे दोषांत अडकून राहतात, आणि पुढच्या मोजणीत मधेच सुटून असल्या खोट्या पायऱ्या दाखवतात. त्यावर उपाय एकच. नमुना गरम करायचा, इतका की त्याचं अतिसंवाहकपणच जाईल. मग भोवरे मरतात, सगळं पुसलं जातं. पुन्हा थंड करायचं आणि कोऱ्या स्फटिकावर दुसरी फेरी घ्यायची. तरीही पायरी आली तर ती खरी. कंटाळवाणं काम असतं, नुसतं काट्याकडे बघत बसायचं. "मी गरम करतो," सर म्हणाले होते. "तू जा, खाऊन ये."

दुपार होती. मुलगी डबा घेऊन आली होती. प्रयोगशाळेच्या दाराला छातीएवढ्या उंचीवर एक काच होती, आणि काचेपलीकडे ओसरीवजा जागेत ती दोघं उभी होती. चिमट्याने थर्मासात उरलेल्या नायट्रोजनमध्ये रबराची नळी बुडवली, वर काढली आणि फरशीवर आपटली. नळीचे काचेसारखे तुकडे झाले. जगातला प्रत्येक विद्यार्थी प्रत्येक मुलीला हेच करून दाखवतो. सरांनी स्वतः एकेकाळी बायकोला दाखवलं होतं, आणि ती म्हणाली होती, "नळी वाया गेली की हो." पण मुलगी हसली. मान मागे टाकून, गळा उघडा टाकून हसली. घरात ती तशी कधी हसत नसे. मग खाली बसून ते तुकडे वेचायला लागली, आणि तो पोक्या मुलगा वाकून तिच्या केसांकडे बघत राहिला, सर ज्या नजरेने स्फटिकाकडे बघत त्या नजरेने. सरांचा हात बटणावर होता. गरम करायच्या यंत्राचं ते काळं, खाचांचं, उजवीकडे फिरवायचं बटण. हात तिथे होता. ते बघत उभे राहिले. किती वेळ, कोण जाणे. चिमटा आत आला, म्हणाला, "झालं का, सर?" आणि सर म्हणाले, "झालं." फेरी सुरू झाल्यावर त्यांचं लक्ष बटणावरच्या तांबड्या दिव्याकडे गेलं. यंत्र चालू केलेलं असतं तर थंड होत असतानाही तो मंद पेटलेला राहायला हवा होता. दिवा विझलेला होता. तेव्हाच सांगायचं. अरे, थांब, माझ्याकडून राहिलं. एवढं वाक्य. पण मुलगी दारात उभी होती, हातात ते रबराचे तुकडे घेऊन, आणि तिच्यासमोर, त्याच्यासमोर, मी काय करत होतो हे सांगायचं? लाजाळू माणसाला खोटं बोलावं लागत नाही, तो नुसता गप्प बसतो. पायरी पुन्हा आली, पहिल्यासारखीच, त्याच जागी. चिमट्याने सरांना मिठी मारली. मुलीने ते पाहिलं, आणि तिचं ठरलं. पुढे तिने स्वतःच सांगितलं होतं: "बाबा, त्या क्षणी ठरलं माझं."

"आजोबा! हललात तुम्ही!" नळीत बाईचा आवाज घुमला. "बोटं कसली फिरवताय? सगळं पुसट आलं. आता परत करावं लागणार." सरांनी आपल्या उजव्या हाताकडे बघायचा प्रयत्न केला, पण डोकं साच्यात होतं. बोटं फिरवली होती खरी. उजवीकडे, खाच धरून. हात आत्ता ते बटण फिरवत होता.

दुसऱ्यांदा ठकठक सुरू झाली तेव्हा सरांनी नेहमीप्रमाणे स्वतःची उलटतपासणी घेतली. आठवण म्हणजे पुरावा नव्हे. कदाचित बटण फिरवलंही असेल आणि दिवाच गेला असेल. या गेलेल्या दिव्याच्या आडोशाला ते इतकी वर्षं राहिले होते, बरे राहिले होते. पण आज, हाडांवर हातोडी पडत असताना, तो आडोसाही गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकट्याने जाऊन ते बटण फिरवून पाहिलं होतं. दिवा लागला होता. हेही त्यांना माहीत होतं, आणि आपल्याला हे माहीत आहे हे त्यांनी स्वतःला कधी कळू दिलं नव्हतं. तोवर स्फटिक थंड कक्षातून काढताना सालपटासारखा सुटून गेला होता आणि निबंध लिहायला घेतला गेला होता. पुढे इतरांनी करून पाहिलं. कुणाला पायरी दिसली नाही. चिमटा म्हणाला, त्या स्फटिकातच काहीतरी होतं, प्राणवायूचं काही नेमकं प्रमाण, काही नेमका दोष. तो तसा पुन्हा वाढवला पाहिजे. आणि तो वाढवत बसला. आधी नोकरीच्या वेळात, मग नोकरी सोडून, दूरच्या गावी पत्र्याच्या शेडमध्ये एक भट्टी घेऊन. स्फटिकामागून स्फटिक, प्रत्येक वेळी जरा आणखी निर्मळ. माणसं त्याला हसायची, मग हसायचीही बंद झाली. त्याला कधी शंका आली नव्हती, कारण त्या फेरीआधी नमुना सरांनी गरम केला होता.

बाहेर मुलगी त्यांचा चष्मा रुमालाने पुसत बसली होती. तिने तो त्यांच्या नाकावर ठेवला, कवळी पाण्याने धुऊन हातात दिली, तोंड दुसरीकडे वळवलं आणि त्यांचं होईपर्यंत उगाच भिंतीवरचा तक्ता वाचला. तिचं हे तोंड वळवणं सरांना कुठल्याही औषधापेक्षा बरं वाटायचं. बायको गेल्यावर एक अख्खं वर्ष त्यांनी मोरीपाशी उभं राहून पाव खाल्ला होता. ताट कशाला, म्हणून. घरात फ्रीजचा आवाज थांबला की त्यांना दचकायला व्हायचं. मग एक दिवस ही आली, दोन बॅगा घेऊन. "मला नवरा हवा होता, बाबा. भट्टीचा रखवालदार मीच झाले." आता तिचा कंगवा आरशापाशी होता, तिचा गाऊन दोरीवर होता, ती मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि मधेच पुढाऱ्यांना शिव्या घालायची. न्हाणीघरात पडले तेव्हा तिने खांदा मारून कडी तोडली होती. तिच्या खांद्यावर अजून हिरवट डाग होता.

टॅक्सीत ती म्हणाली, "त्याचा फोन आला होता, तुम्ही आत असताना."

"हं."

"बाबा, हं नको. त्याला उत्तर का नाही देत तुम्ही? तो बिचारा तुम्हाला दुसऱ्यांदा विचारणार नाही, मरेल पण विचारणार नाही. तुमचाच चेला." ती खिडकीबाहेर बघत होती. "त्यानं मला सांगितलंय. सरांचं 'नाही' असं उत्तर आलं, तर दुसऱ्या दिवशी भट्टी विझवतो. पोरं शिकवतो, काहीही करतो. 'हो' आलं तर शेवटपर्यंत लढतो."

"आणि तू?"

"भट्टी विझली तर मी आजच्या आज जाईन. तुम्हाला ठाऊक आहे." मग जरा वेळाने, हसून, "माणूस वाईट नाहीये हो. फक्त त्याला कुणीतरी सांगायला हवंय की बाबा रे, झोप आता."

सरांनी तिच्या हातांकडे पाहिलं. ते आपल्या गुडघ्यावर होते, तिचे हात, आपली शाल नीट करत.

"तुला 'नाही' हवंय," ते म्हणाले.

"हवंयच. कुणाला नको असेल?" ती वळली. "पण माझ्याकडे बघून लिहू नका हां, बाबा. खोटं 'नाही' मला नको. गरम केला असेल तर केला म्हणून लिहा, मी बघीन माझं काय ते. आयुष्यभर त्याला शंका खात राहील असं काही माझ्यामुळे नको. तुम्ही खरं ते लिहा. तुम्ही लिहाल म्हणूनच तर तो तुम्हाला विचारतोय."

घरी आल्यावर सर टेबलापाशी बसले. ती स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज येत होता, आणि त्या आवाजाने घर भरून गेलं होतं. कागद समोर होता. किती सोपं होतं! नाही, राहिलं होतं, माफ कर. या पाच शब्दांच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस भट्टी विझवून झोपणार होता आणि एक बाई हसणार होती, मान मागे टाकून. आणि या टोकाला? सरांनी प्रामाणिकपणे बघायचं ठरवलं, जसं ते आलेख बघत, स्वतःवर अविश्वास ठेवून. या टोकाला लाज होती, पण लाज मोठी नव्हती. या वयात लाज म्हणजे अपचनाइतकी, दोन दिवसांची. ती मला माफ करेल. तोही करेल, अगदी पाया पडेल मूर्ख. लाजेसाठी मी हे करत नाही. मग कशासाठी? आरशापाशी कंगवा नसेल. फ्रीजचा आवाज थांबेल. न्हाणीघराची कडी आतून लागलेली असेल आणि फरशी थंड असेल, आणि कुणीही खांदा मारणार नाही. त्यांनी हे बघितलं, आणि आपल्या मनातल्या या माणसाची त्यांना किळस येईल म्हणून वाट पाहिली. किळस आली नाही. उलट एक प्रकारची शांती वाटली, अनेक वर्षं न सुटलेलं गणित कुरूप उत्तर घेऊन का होईना, पण सुटल्यावर वाटते तशी. जन्मभर स्वतःबद्दल शंका घेत आलो. आज शंका नाही.

त्यांनी लिहिलं. चिरंजीव, तुझं पत्र पोचलं. डोळ्यांमुळे उत्तराला उशीर झाला. दुसऱ्या फेरीआधी नमुना गरम केला होता. मी स्वतः केला होता. प्रयत्न सोडू नकोस. शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती.

"झालं?" मुलगी दारात आली, पदराला हात पुसत. तिने कागदाकडे पाहिलं नाही. "सांगा ना."

"केला होता," सर म्हणाले.

ती तशीच उभी राहिली. चेहरा जागच्या जागी होता, फक्त त्यातून काहीतरी उठून गेलं. "नक्की?"

"मी स्वतः."

"बरं," ती म्हणाली. मग टेबलाशी येऊन तिने कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली, तिकीट जिभेवर ओलं करून लावलं आणि अंगठ्याने दाबून धरलं, जरुरीपेक्षा जास्त वेळ. "चला. आत्ताच टाकून येऊ. नाहीतर मला उद्या धीर होणार नाही."

"मी टाकतो उद्या, फिरायला जाताना."

"नको. तुमचं उद्या मला माहीत आहे." ती हसायचा प्रयत्न करत होती. "आणि तुम्ही एकटे कसले जाताय आता फिरायला."

पेटी कोपऱ्यावर, शिंप्याच्या दुकानासमोर होती. संध्याकाळचं ऊन तिच्या तांबड्या रंगावर तिरपं पडलं होतं आणि शिंपी यंत्र थांबवून दोरा ओवत होता. मुलीने पाकीट फटीत अर्धं घातलं, वरचा पत्ता एकदा वाचला, आणि सोडलं. आत काही वाजलं नाही. पेटी भरलेली असावी. तिने बोटं फटीत घालून पाकीट नीट खाली गेलं की नाही ते चाचपून पाहिलं. मग ती वळली आणि रस्ता ओलांडायला तिने वडिलांचा हात धरला. रस्ता रिकामा होता, त्यांना नीट चालताही येत होतं; तरी सरांनी आपला सगळा भार तिच्या त्या खांद्यावर टाकला.